बत्ताशाला आपलं नाव कळतं का?

संध्याकाळचे सहा वाजायला पाच-सात मिनिटं उरली की बत्तासा कपाटाखालून बाहेर येतो, अंग ताणतो, मोठ्ठी जांभई देतो आणि टुणटुण उड्या मारत दाराशी जाऊन बसतो. दोन्ही कान ताठ! तेव्हा त्याला कुणी हाक मारलेली नसते, दारही वाजलेलं नसतं. थोड्या वेळाने खाली ताईची स्कूटर थांबते, जिन्यात चपला वाजतात, कुलपात किल्ली फिरते आणि ताईच्या पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी घरात येते.

बत्तासा म्हणजे ताईच्या मुलीचा, माझ्या भाचीचा ससा. पांढराशुभ्र, आणि अंग चोरून बसला की थेट लक्ष्मीपूजनाच्या ताटातल्या बत्ताशासारखा दिसणारा, म्हणून हे नाव.

“मामा, त्याला सगळं कळतं,” भाची मला सांगत होती. “स्वतःचं नाव कळतं, ‘खाऊ’ कळतं, ‘घरात चल’ म्हटलं की पिंजऱ्यात जातो. थांब, दाखवते तुला.”

तिने फ्रिज उघडला, स्टीलचा डबा काढला आणि ओरडली, “बत्ताशा!” बत्तासा धावत आला.

आता मुलांनो, तुम्हीच सांगा. तो नावाला आला, की फ्रिजच्या दाराला? की डब्याच्या खणखणाटाला? की नुसत्या कोथिंबिरीच्या वासाला? मी हे विचारल्यावर भाची जरा फुरंगटली. पण ती हुशार आहे. दोन मिनिटांनी म्हणाली, “मग आपण नीट तपासूया.”

तपासायचं कसं, हे ठरवताना मी तिला एका घोड्याची गोष्ट सांगितली. जर्मनीत बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्या घोड्याचं नाव हान्स. “तीन आणि दोन किती?” असं विचारलं की हान्स जमिनीवर पाच वेळा खूर आपटायचा. १९०४ साली त्याची एवढी ख्याती झाली की खरंखोटं बघायला जाणकारांची एक समिती बसली. तिला काही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक छान युक्ती केली. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही, असे प्रश्न त्याने हान्सला विचारायला लावले. आणि हान्सचं गणित साफ चुकलं!

झालं काय होतं, तर हान्स खूर आपटत बरोबर आकड्याशी पोचला की विचारणाऱ्या माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं. तेवढं टिपून हान्स थांबायचा. मालकांनी कुणाला फसवलं नव्हतं, त्यांना स्वतःलाच हे माहीत नव्हतं. मला विचाराल तर हान्स गणित करणाऱ्या घोड्याइतकाच थोर होता. आपल्या मानेची केसभर हालचाल एखादा प्राणी वाचतो, ही काय छोटी गोष्ट आहे?

“म्हणजे बत्तासा माझ्याकडे बघून ओळखत असेल?” भाचीने विचारलं. अगदी बरोबर. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पाठीमागून येणारा माणूसही दिसतो आणि वरून झेपावणारी घारही. गंमत म्हणजे, जे त्याला दिसत नाही ते ऐन नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं! तिथे तो मिशांनी, ओठांनी आणि वासाने काम भागवतो. तेव्हा त्याची परीक्षा घ्यायची, तर परीक्षकाने दिसताच कामा नये.

आणि कान? सशाचा एक कान स्वयंपाकघराकडे आणि त्याच वेळी दुसरा दाराकडे वळू शकतो. तुम्ही ससा पाळला असेल तर हे पाहिलं असेलच. नसेल, तर कधी दहा मिनिटं नुसतं बसून बघा. आवाज किती बारीक की जाड, ते मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ, एका सेकंदात हवेची किती कंपनं होतात ते. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सशाला साधारण १०० पासून ४९,००० पर्यंतचे. म्हणजे ढोलाचा अगदी खालचा घुमारा आपल्याला त्याच्यापेक्षा बरा कळतो, पण कितीतरी बारीक, तीक्ष्ण आवाज त्याला ऐकू येतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. ‘बत्ताशा’ या हाकेतला ‘शा’ आपल्यालाही ऐकू येतो, पण तोही बारीक सळसळीचाच आवाज. भाचीने नकळत सशाच्या कानाला सोयीचं नाव ठेवलं होतं!

परीक्षेची रीत आम्ही मांजरांकडून उसनी घेतली. जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराला त्याच्या मालकाच्या आवाजात एकामागून एक चार साधे शब्द ऐकवायचे. पहिल्या शब्दाला मांजर कान टवकारतं. दुसऱ्याला थोडं कमी. चौथ्यापर्यंत त्याला कंटाळा येतो, कारण त्या शब्दांमागून काहीच घडत नाही. मग पाचवा शब्द म्हणजे त्याचं नाव. तेवढ्याला जर कान पुन्हा टवकारले, तर नाव त्याला इतर शब्दांहून वेगळं वाटलं असं म्हणता येतं. आणि कितीतरी मांजरांनी कान टवकारले. बक्षीस नाही, हाताची खूण नाही, नुसते शब्द. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण प्राण्याला त्रास न देता त्याला एक सरळ प्रश्न विचारलेला आहे.

भाचीने शब्द निवडले: फुटाणा, रताळं, वहाणा, करवंद. सगळे तीन-चार अक्षरांचे, साधारण बत्ताशाच्या लांबीचे. दोन शब्दांमध्ये १५ सेकंदांची शांतता ठेवून तिने ते मोबाइलवर नोंदवले. मोबाइल पुस्तकांच्या फळीवर ठेवला, भाची आतल्या खोलीत दार लावून बसली आणि मी वही घेऊन कोपऱ्यात, बत्ताशाकडे पाठ करून, समोरच्या कपाटाच्या आरशातून बघत. मीसुद्धा नकळत मान हलवली असती तर? हान्सचा धडा लक्षात होता ना!

पहिला दिवस फुकट गेला. ऐन ‘वहाणा’ला कुकरची शिट्टी झाली. बत्ताशाने मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला आणि कपाटाखाली पळाला. पाय आपटणं ही सशांची धोक्याची सूचना आहे. बत्ताशाच्या जातीचे रानातले ससे जमिनीखाली बिळांमध्ये टोळीने राहतात. वर एकाने पाय आपटला की तो धक्का जमिनीतून आतल्यांपर्यंत पोचतो. आमच्या बत्ताशाने ती सूचना नेमकी कुणाला दिली कोण जाणे, पण आपलं कर्तव्य त्याने केलं.

पुढच्या पाच दिवसांत मात्र जमलं. करवंदापर्यंत तो खरंच कंटाळायचा, पाय पसरून बसायचा. मग “बत्ताशा!” आणि पाचांतल्या चार वेळा त्याचा निदान एक कान फळीकडे वळला. एकदा तर तो उठून आला आणि फळीखाली दोन पायांवर उभा राहिला.

मी नाचणारच होतो, पण भाचीने शंका काढली. “मामा, पाचवा शब्द नवा आहे म्हणूनही वळत असेल की! कुठलाही नवा शब्द चालला असता.” शाब्बास! मोठमोठ्या संशोधकांनाही हीच शंका काढावी लागते. मग आम्ही आणखी पाच दिवस पाचवा शब्द बदलून ‘पतंगा’ ठेवला. त्याला बत्ताशाने एकदाच कान हलवला. शेवटी शेजारच्या काकूंना नाव म्हणायला लावलं. त्यांच्या आवाजाला पाचांतून दोनदा.

एकच ससा आणि पाच-पाच दिवस, म्हणजे हा पुरावा लहानसाच. पण मला वाटतं, भाचीच्या आवाजातलं ‘बत्ताशा’ तो इतर शब्दांतून वेगळं काढतो. ‘बत्तासा म्हणजे मी’ असं त्याच्या मनात येतं का, हा निराळा प्रश्न. तो मांजरांच्या प्रयोगानेही सुटलेला नाही.

आणि ‘घरात चल’चं काय झालं? तिथे तर मजाच झाली. नोंदवलेला आवाज लावला, बत्तासा ढिम्म. मग भाची काही न बोलता खोलीत आली, नेहमीसारखी जरा वाकली आणि पिंजऱ्याकडे हात केला. बत्तासा निमूट आत गेला! शब्द त्याला ठाऊकच नव्हते, वाकलेली भाची ठाऊक होती. थेट हान्सचा भाऊ.

सशांना दोन आवाज वेगळे कळतात, हे प्रयोगशाळेत पूर्वीच पक्कं झालेलं आहे. अमेरिकेत इसिडोर गोर्मेझानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ पासून सशांवर जे प्रयोग केले, ते मेंदू आणि शिकणं यांच्या अभ्यासात फार गाजले. सशाला एक सूर ऐकवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेची बारीकशी फुंकर मारायची. डोळा मिटतो. असं पुष्कळदा झालं की ससा नुसत्या सुरालाच डोळा मिटू लागतो. ससाच का? तर ससा एरवी फार क्वचित पापणी लववतो. त्यामुळे सुरामुळे मिटली की आपोआप मिटली, असा गोंधळ होत नाही. सशाला तिसरी पापणीही असते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरकणारी. या प्रयोगांत तीच मोजत.

पुढे दोन सूर वापरले गेले. एका सुरामागून फुंकर येते, दुसऱ्यामागून येत नाही. ससे पहिल्यालाच डोळा मिटायला शिकले. त्याहून मला चकित करतं ते हे: सूर सुरू झाल्यावर फुंकर अर्ध्या सेकंदाने येत असेल, तर पापणीही तेवढ्याच वेळाने पुरती मिटते. आधी नाही, नंतर नाही. म्हणजे ‘काय येणार’ एवढंच ससा शिकत नाही, ‘कधी येणार’ हेही शिकतो.

‘कधी’वरून पुन्हा दाराशी बसलेल्या बत्ताशाकडे येऊ. ताईने मध्ये आठवडाभर रजा घेतली होती. स्कूटर नाही, चपला नाहीत, किल्ली नाही. ताई दिवसभर घरातच. तरीही सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना महाराज दाराशी हजर! मग त्याला वेळ कोण सांगत होतं?

याचं उत्तर सशांच्या पिल्लांकडे आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर उत्तर वाटतं. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातल्या रानातले, स्पेन-पोर्तुगालकडचे. तिथली मादी बिळात वाळलेलं गवत आणि आपल्याच अंगावरची लोकर अंथरून घरटं करते. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले, कान बंद, अंगावर केस नाहीत. आई त्यांच्यापाशी थांबत नाही. बिळाचं तोंड मातीने बुजवून निघून जाते. चोवीस तासांत एकदाच येते, आणि तेही तीन-चार मिनिटांपुरती! ऐकून वाईट वाटलं ना? पण आई निष्ठुर नाही. ती सारखी ये-जा करू लागली, तर तिच्या वासाचा माग काढत कोल्हा घरट्यापर्यंत पोचेल.

आता पिल्लांच्या बाजूने विचार करा. दिवसातून तीन-चार मिनिटं. तेवढ्यात पोट भरलं नाही तर उद्यापर्यंत उपास. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि घड्याळ तर कुणाकडेच नाही. पण आई यायच्या तास-दोन तास आधीच पिल्लं चुळबुळू लागतात. गवत-लोकरीच्या थरातून वर येतात. त्यांच्या अंगाचं तापमान चढू लागतं. आई आली की तिच्या दुधातल्या एका खास गंधाने ती स्तनापाशी पोचतात. फ्रान्समधल्या बेन्वा शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तो गंधही शोधून काढला. एका खेपेत पिल्लू आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं दूध पिऊ शकतं. तुमचं वजन ३० किलो असेल, तर एका बैठकीत साडेसात लिटर! मग पिल्लं पुन्हा गवताखाली शिरून ऊब धरतात.

पिल्लांच्या या घड्याळाचा रॉबिन हडसन आणि इतर संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. एखाद्या दिवशी दूध मिळालंच नाही, तरी ठरल्या वेळी पिल्लांचं तापमान चढतंच. म्हणजे आईची चाहूल लागून ती जागी होत नाहीत. घड्याळ त्यांच्या शरीरात आहे. आपल्याही मेंदूत असं घड्याळ असतं, म्हणून तर सुटीच्या दिवशीही शाळेच्या वेळेला जाग येते.

मोठेपणीही हे घड्याळ चालूच राहतं. ससे मुळात पहाटे आणि संध्याकाळी हुशारीत असतात, भर दुपारी सुस्त. त्यांचं लेंड्यांचंही वेळापत्रक असतं. रोज ठरल्या वेळी ते मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकतात आणि त्या लगेच खाऊनही टाकतात. ई करू नका! या मऊ लेंड्यांत पुष्कळ जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, ती दुसऱ्या फेरीत मिळतात. ससा आजारी आहे म्हणून हे करत नाही, हे थांबलं तर आजारी आहे असं समजायचं.

मग ताईच्या कोथिंबिरीने या घड्याळाला सहाचा गजर लावला, एवढंच. रोज ठरल्या वेळी खाणं मिळालं की सशाचं शरीर त्या वेळेआधीच तयार होऊ लागतं.

“पण रानातला ससा माणसाच्या हाकेला आला असता का?” भाचीचा शेवटचा प्रश्न. नसता आला. २०१८ साली संशोधकांनी आठ पाळीव आणि आठ रानटी सशांच्या मेंदूंची एमआरआय यंत्राने तुलना केली. मेंदूत भीतीशी संबंध असलेला एक छोटा भाग आहे, अमिग्डाला. या ग्रीक शब्दाचा अर्थच बदाम. पाळीव सशांचा हा ‘बदाम’ लहान निघाला, आणि भीतीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा एक भाग मोठा. शेकडो वर्षं माणसाजवळ राहून त्यांची भीती थोडी ओसरली आहे. भीती पुरती गेलेली नाही, हे कुकरच्या शिट्टीने दाखवलंच.

इथे एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर दिसतो तो ससा बत्ताशाचा भाऊबंद असला तरी जात वेगळी. त्याच्या मानेवर मागे काळा पट्टा असतो. तो बीळ खणत नाही, आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, केसांसकट जन्मतात. गवतात असं पिल्लू एकटं दिसलं तर ते हरवलेलं नसतं, आई वेळेवर येणार असते. त्याला उचलून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला आणि पाळायला बंदी आहे.

ज्यांच्या घरी बत्ताशासारखा पाळीव ससा आहे, त्यांनी ही परीक्षा घरी जरूर घ्या. ससा खाऊन-पिऊन निवांत असताना घ्या. चार शब्द आणि मग नाव, दिवसातून एकदाच. काही दिवस नावाच्या जागी दुसराच शब्द ठेवा. सशाने पाय आपटला की त्या दिवशी थांबा. कोथिंबीर परीक्षेनंतर लगेच देऊ नका, नाहीतर तो पाचव्या शब्दाला नाही, कोथिंबिरीला कान देईल. ती तिच्या नेहमीच्या वेळेलाच द्या. आणि त्याला उचलायचं असेल, तर हात पुढे करण्याआधी हळूच त्याचं नाव घ्या. नाकासमोर आलेला तुमचा हात त्याला दिसत नसतो, पण आवाज मात्र ओळखीचा असतो.

तुमच्या सशाने किती वेळा कान वळवला, ते वहीत तारीख घालून लिहा आणि आम्हाला कळवा. एकदाही वळवला नसेल, तर तेही कळवा.